लेकीच्या गाडीची पुली

अमेरिकेत लेकीकडे चार महिने राहून आलेल्या माणसाने नायगाऱ्यावर लिहावे, निदान तिथल्या दुकानांतल्या शिस्तीवर तरी लिहावे, असा आपल्याकडे रिवाजच पडून गेला आहे. नायगारा मी पाहिला. पाणी पुष्कळ आहे. पण माझ्या मुक्कामाचा बराचसा काळ गेला तो बॉस्टनजवळच्या वॉल्थम गावी, एका लहानशा मोटारीच्या बॉनेटखाली मान घालून. आणि तोही एका पुलीपायी. पुली म्हणजे विहिरीवरच्या रहाटाची शहरात राहायला आलेली नात. तिच्यावर काय लिहायचे, असे वाचकांना वाटेल. आमच्या घरातही प्रथम तसेच वाटले होते.

नोकरीची सारी वर्षे मी दापोडीला, एस. टी.च्या कार्यशाळेत काढली. त्यामुळे स्टिअरिंग म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते ते जुन्या बसचे, परातीएवढे भले थोरले चाक, आणि ते ओढणारे ड्रायव्हरचे दंड. त्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. घाटात एकामागून एक वळणे घेऊन उतरलेला ड्रायव्हर चहाचा पेला उचलताना हात किंचित थरथरवायचा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चाक एवढे मोठे का, तर तरफेचा नियम. दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. आणि जुने ड्रायव्हर नव्याला पहिला धडा देत तो असा, की उभ्या गाडीत चाक पिळायचे नाही. गाडी जरा हलू द्यायची, मग वळवायची. हा धडा पुढे कामाला येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आमच्या लेकीची गाडी म्हणजे माझदा कंपनीची मियाटा, १९९५ सालची. लग्नाआधी, स्वतःच्या पगारातून, जुनी म्हणूनच घेतलेली. दोन माणसे बसतात, तिसऱ्याने घरी राहायचे. टपाचे कापड मागे दुमडले की उघडी. ही जातकुळी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडली. लेकीच्या गाडीचे एंजिन १.८ लिटरचे, १२८ हॉर्सपॉवरचे. आकडा काही मोठा नाही. पण गाडीचे वजनच हजार किलोच्या आसपास, त्यामुळे ती हरणासारखी पळते. जोर मागच्या चाकांना, वळायचे काम तेवढे पुढच्या चाकांना, अशी विभागणी असल्यामुळे स्टिअरिंग हाताशी खरे बोलते. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत, असा एक जपानी शब्दप्रयोग आहे, 'जिंबा इत्ताई'. कंपनीने तो या गाडीचे ब्रीद म्हणून घेतला. जाहिरातीतल्या बोलण्यावर माझा सहसा विश्वास नसतो. पण ही गाडी एकदा चालवली आणि या बाबतीत मी गप्प बसलो.

महिन्यातून एकदा लेक या गाडीने एका फरसबंद मोकळ्या मैदानावर जाते. तिथे नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखलेली असते. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकू पडला की दंड. धोका फारसा नाही, पण चुरस विलक्षण. या खेळात स्टिअरिंग क्षणात इकडे, क्षणात तिकडे फिरवावे लागते. एंजिन मात्र सारा वेळ वरच्या पट्टीत ओरडत असते. आणि इथेच तिची तक्रार होती. दोन-तीन फेऱ्या झाल्या की स्टिअरिंगच्या पंपातले तेल तापून फेसाळायचे आणि टाकीच्या झाकणातून बाहेर यायचे. शिवाय तिचे म्हणणे, "बाबा, हा पंप मधे आहे ना, त्याने रस्ता हाताला नीट कळतच नाही. पंपच काढून टाकायचा. आणि एंजिनची पुढची पुली हलकी बसवायची. तुम्ही आलात की करू म्हणून थांबले होते."

हलकी पुली आधीच येऊन पडली होती. निळ्या रंगाची, ॲल्युमिनियमची, एखाद्या दागिन्यासारखी डब्यात बसवलेली.

अडचण पुलीची नव्हती, जावईबापूंच्या खांद्याची होती. मागच्या हिवाळ्यात दाराशी साचलेल्या बर्फावर ते घसरले आणि डाव्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. हात बरा झाला. पण जोराने ओढण्याचे काम त्याला सांगू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. रविवारी दोघांनी या गाडीतून समुद्राकडे जायचे, जाताना एकाने चालवायची, येताना दुसऱ्याने, असा त्यांचा लग्नापासूनचा शिरस्ता. पंप काढला तर येतानाची पाळी संपली. ते हसून म्हणाले, "काढ ना तू. मी शेजारी बसेन. मला काय, वाराच खायचा आहे." हसणे खरे नव्हते, हे सासऱ्यालाही कळले. सौभाग्यवती भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "गाडी एकीची आहे का दोघांची, ते आधी ठरवा. मग पंप काढा नाही तर चाके काढा." त्या रात्री जेवणे जरा लवकरच उरकली.

आता हे पॉवर स्टिअरिंग प्रकरण काय आहे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण गंमत अशी, की त्याचा जन्मच मुळी या वॉल्थमचा. फ्रान्सिस डेव्हिस नावाचे एक एंजिनियर पिअर्स-ॲरो कंपनीत मालमोटारींच्या विभागात होते. अवजड ट्रकांची चाके वळवताना माणसांचे काय हाल होतात ते त्यांनी पाहिले, नोकरी सोडली आणि या गावात एक लहानसा कारखाना भाड्याने घेतला. जोडीला जॉर्ज जेसप नावाचा एक कसबी हत्यार-कारागीर. १९२६ च्या सुमारास त्यांनी आपली युक्ती एका पिअर्स-ॲरो गाडीवर बसवली आणि ती गाडी डेट्रॉइटच्या बड्या मंडळींना नेऊन दाखवली. जनरल मोटर्सने करार केला. पण पुढे महामंदी आली आणि १९३४ मध्ये खर्चाच्या नावाखाली तो बारगळला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी चिलखती गाड्यांना ही सोय लागली, आणि सामान्य गिऱ्हाइकाला ती मिळाली ती १९५१ साली, क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत. तोवर डेव्हिस यांची मूळ पेटंटे मुदत संपून मोकळी झाली होती. म्हणजे पंचवीस वर्षे थांबून पुन्हा ताट दुसऱ्याच्या पुढे! कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला अशा गोष्टी वाचून गहिवरून येते, पण असो.

डेव्हिस यांची खरी अक्कल कशात होती? तेल सतत दाबाखाली ठेवायचे, तर ते गळणार, नळ्या फुटणार. त्यांनी वाट उघडी ठेवली. चाक सरळ असताना पंपाने ढकललेले तेल विनासायास फिरून पुन्हा टाकीत येते. चाक वळवले की झडप एक वाट आवळते आणि तेवढ्यापुरताच दाब तयार होतो. आजच्या गाडीत स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक बारीक पोलादी सळई असते. आपण जोर लावला की ती अगदी किंचित पिळली जाते, त्या पिळाने झडप उघडते, आणि तेल रॅकमधल्या दट्ट्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला जाऊन चाके ढकलू लागते. माणूस फक्त इच्छा व्यक्त करतो, म्हणा ना! हा पंप फिरतो एंजिनच्या पट्ट्यावर. आणि त्याच्या स्वभावातला उफराटेपणा इथेच आहे. गाडी उभी करताना, चाके जड असताना, एंजिन सावकाश चाललेले असते, म्हणून पंपही सावकाश. सुसाट जाताना चाके आपोआप हलकी होतात, मदत नकोशी असते, तेव्हा हे गृहस्थ जीव तोडून तेल ढकलत असतात. जास्तीचे तेल आतल्या आत एका झडपेतून परत फिरवतात. त्या फिरण्यातच ते तापते. लेकीच्या गाडीतल्या फेसाचे मूळ हेच.

आता निळ्या पुलीचे. एंजिनचा क्रँक दांडा जाडजूड पोलादाचा असला तरी आतून तो पिळला जात असतो. चार सिलिंडरच्या एंजिनात दर फेरीला दोन स्फोट. मिनिटाला ७,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे २३३ स्फोट, आणि प्रत्येक स्फोट हा एक झटका. धुतलेले लुगडे दोघींनी पिळावे आणि एकीने एकदम सोडावे, तसा दांडा पिळतो आणि सुटतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोट लावले की तो वाढत वाढत आढ्याला लागतो, तशी एखाद्या विशिष्ट वेगाला ही थरथर वाढत जाते. जुन्या काळी सहा सिलिंडरच्या लांबलचक दांड्यांचे याच थरथरीने तुकडे पडत. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यावर तोड काढली, दांड्याच्या टोकाला एक वजनदार कडे जरासे सैल बसवून. दांडा थरथरला की कडे मागे रेंगाळते आणि घर्षणात थरथर मुरते. आज तेच काम पुढच्या पुलीत करतात. आतला तुंबा आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबर. दिसायला पुली, पण खरे काम दांड्याला शांत करण्याचे. निळ्या पुलीत रबर नव्हते. ती हलकी होती, तिने एंजिन चटकन वर चढले असते, हे खरे. पण चढून झाल्यावर जोर तेवढाच. हौशी लोकांत काहींच्या गाड्या तसल्या पुलीवर वर्षानुवर्षे चालल्या आहेत, तर काहींच्या एंजिनातला तेलाचा पंप थरथरीने गेला आहे. ज्या गाडीला रोज दोन वेळा ७,००० फेऱ्या दाखवायच्या, तिच्या बाबतीत मी हा जुगार खेळू देणार नाही, असे मी सांगून टाकले. शिवाय ती पुली मूळच्या पुलीपेक्षा लहान होती. पुढची पुली लहान केली की पट्ट्यावरचे सारेच सुस्तावते. पाण्याचा पंप, वीज करणारा अल्टरनेटर, थंड हवेचा काँप्रेसर. गर्दीत एंजिन तापते, बॅटरी कण्हते. एका पंपाला शिक्षा करायची तर साऱ्या वाड्याला उपाशी कशाला ठेवायचे?

लेकीचा चेहरा उतरला. पण ती माझीच लेक. म्हणाली, "पुलीचे मान्य. पण पंपाचे तुम्ही नुसते बोलून ठरवू नका. मोजून दाखवा."

मोजायचे कशाने? परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाकडे सामान तोलायचा लटकता काटा असतो. बॅग तेवीस किलोच्या वर गेली तर विमानतळावर लोणच्याची बरणी बाहेर काढावी लागते, त्यासाठी. तो काटा आणला, स्टिअरिंगच्या कडेला सुती नाडीने अडकवला आणि कडेला काटकोनात ओढला. एंजिन चालू, गाडी उभी: दोन किलोच्या आतबाहेर. मग पंपाचा पट्टा उतरवला. या गाडीत तोच पट्टा थंड हवेचा काँप्रेसरही फिरवतो. म्हणजे भर जुलैत तीही गेली. सौभाग्यवतींनी यावर मत दिले, ते इथे देत नाही. आता काटा अकराच्या आसपास गेला. गाडी माणसाच्या चालीने हलवली की पाचावर यायचा.

इथे एक गोष्ट मी लेकीला प्रामाणिकपणे सांगितली. नुसता पट्टा उतरवून मिळालेला आकडा हा पंप रीतसर काढल्याचा आकडा नव्हे. रॅकमध्ये तेल आणि दट्ट्याचे सील तसेच असते. चाक फिरवताना आपणच ते तेल इकडून तिकडे ढकलत बसतो. पुष्कळ लोक पंप काढून नळ्यांची दोन तोंडे एकमेकांना जोडतात आणि काम झाले म्हणतात. ते अर्धेच काम. नीट करायचे तर रॅक खोलून दट्ट्याचे सील काढावे लागते, आणि ती पिळणारी सळई वेल्ड करून घट्ट करावी लागते, नाही तर चाकात मधोमध ढिलेपणा राहतो. तसे केल्यावर जोर थोडा कमी लागला असता. तरीही पॉवर स्टिअरिंगच्या रॅकचे दातेच मुळी जलद वळणासाठी आखलेले असतात. ज्या मियाटा पंपाविना विकल्या गेल्या त्यांचा रॅक संथ होता, चाक जास्त फिरवावे लागे, म्हणून हाताला हलके जाई. पंप काढून जलद रॅक तसाच ठेवायचा म्हणजे लहान चाकाने एस. टी. वळवायची.

रविवारी सकाळी शेजारच्या शाळेच्या रिकाम्या आवारात गाडी नेली, तशीच, पट्ट्याविना. लेकीने दोन चकरा मारल्या. खाली उतरली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "बाबा, खडा न् खडा कळतो!" खरेच कळत होता, मीही चालवून पाहिली, आणि खोटे कशाला बोलू, मलाही तेच आवडले. मग जावईबापू बसले. सरळ छान नेली. परत वळवताना चाक अर्धे फिरवले, थांबले, उजव्या हाताने उरलेले फिरवले आणि डावा हात उचलून मांडीवर ठेवला. बोलले काहीच नाहीत. लेक कुंपणाशी उभी होती. तिने ते पाहिले. घरी येताना गाडी तिने चालवली आणि वाटेतच म्हणाली, "पंप राहू दे. पण तेल फेसाळते त्याचे काय करायचे ते सांगा."

त्याला उत्तर होते. एंजिनची पुली आहे तशी ठेवायची आणि पंपाची पुली मोठी करायची. सायकलच्या मागच्या दातेरी चाकाचा हिशेब. सोपे जावे म्हणून धरू, की दोन्ही पुल्या १२ सेंटिमीटरच्या आहेत. एंजिन ७,००० फेऱ्यांवर असेल तर पंपही ७,०००. पंपाची पुली १५ सेंटिमीटरची केली की पंप ५,६०० वर येतो. वरच्या वेगाला पाचव्या हिश्शाने सुटका. मग उभ्या गाडीत स्टिअरिंग जड होणार नाही का? इथे लोक नेहमी गोंधळतात. पंप किती वेगाने फिरतो यावर तेल किती वाहते ते ठरते; दाब किती चढावा हे झडप ठरवते. म्हणजे मदतीचा जोर बहुतेक तेवढाच राहतो, फक्त चाक किती भरभर फिरवले तर मदत पुरी पडेल, ती मर्यादा खाली येते. एंजिन मंद असताना कुणी घाईने गरगर फिरवले तर तेल मागे पडते आणि चाक क्षणभर हाताला अडते. सावकाश फिरवले तर काही नाही. आणि शंकूंच्या खेळात एंजिन सदाच वर असते. तिथे तेलाला तोटा नाही.

असली पुली बाजारात शोधण्यापेक्षा करून घेणे बरे, असे मी म्हटले. गावात एक म्हातारे टर्नर सापडले. वॉल्थम एके काळी घड्याळांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होते; बारीक कामाची हाडे अजून शिल्लक आहेत. माझे इंग्रजी दापोडीचे, त्यांचे नाकातले. पण व्हर्नियर दोघांनाही वाचता येत होता. ते इंचाच्या हजाराव्या भागात विचारायचे, मी मिलिमीटरमध्ये सांगायचो, मधे २५.४. पट्ट्याच्या खाचा ४० अंशांच्या, एका खाचेपासून दुसरी ३.५६ मिलिमीटरवर, हे माप जगभर एक, त्यामुळे तिथे वादच नव्हता. ॲल्युमिनियमच्या गोळ्यातून दोन दुपारी त्यांनी ती पुली काढली, आणि मला लेथजवळ उभे राहू दिले. एवढा मान मला त्या देशात दुसऱ्या कुणी दिला नाही.

पुढचे काम किरकोळ, पण चुकवू नये असे. पुलीला पट्टा निम्मा वळसा घालतो असे धरले तर व्यास तीन सेंटिमीटर वाढला की पट्टा पावणेपाच सेंटिमीटर जास्त लागतो. त्या मापाचा नवा घेतला. सरळ पट्टी लावून सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत ना ते पाहिले; रेषेत नसल्या तर पट्टा कडेने झिजतो आणि पावसात किंचाळतो. जुने जळके तेल काढून नवे घातले, तांबडे. आणि लेकीला जो 'रस्ता हाताला कळणे' हवे होते त्यासाठी पुढच्या चाकांचा कास्टर, म्हणजे चाकाची वळण्याची कणा-रेषा जी किंचित मागे कललेली असते, तिचा कल कंपनीने दिलेल्या मर्यादेतच पण वरच्या टोकाला नेला. खालच्या आर्मवर त्यासाठी विकेंद्री बोल्ट असतातच. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो म्हणून ती हात सोडला तरी सरळ जाते, तेच इथे. चाक वळणातून आपणहून परत येऊ लागले आणि त्याला थोडे वजनही आले. काटा लावला: उभ्या गाडीत तीनच्या जरा खाली. जावईबापूंनी स्वतः ओढून पाहिला.

नव्या गाड्यांत हे सारे राहिलेले नाही. २०१५ नंतरच्या मियाटात तेलही नाही आणि पंपही नाही. विजेची मोटर हवी तेव्हा हवी तेवढी मदत करते. सरळ जाताना ती गप्प. डेव्हिस यांना ते आवडले असते असे मला वाटते. मला स्वतःला तेलाचा वास नसलेल्या यंत्राबद्दल माया जरा कमी.

ऑगस्टमधल्या स्पर्धेला आम्ही सगळे गेलो. म्हणजे लेक तिच्या गाडीतून आणि आम्ही तिघे दुसरीतून. सहा फेऱ्या झाल्या. टाकीच्या झाकणाभोवती मी पांढरी चिंधी बांधून ठेवली होती; ती कोरडी राहिली. नंबर पाचवा आला, मागच्या वेळी सातवा होता; पण त्याचे श्रेय पुलीला द्यायला मी तयार नाही, लेक त्या दिवशी चालवतच छान होती. परतताना तिने किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. आवारातून बाहेर काढताना त्यांनी घाईने चाक फिरवले आणि ते मी म्हटले तसे क्षणभर अडले. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिले. मी ओरडलो, "आधी हलू द्या! मग वळवा!" त्यांनी गाडी हातभर पुढे घेतली, चाक लोण्यासारखे फिरले, आणि दोघे निघून गेली. आम्ही दोघे मागून, थंड हवेच्या गाडीत.

निळी पुली तिच्या डब्यातच आहे. परत पाठवायची मुदत संपली होती. नव्या पट्ट्याचा नंबर मी बॉनेटच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवला. सवयीने मराठी आकड्यांत लिहिला गेला. निघायच्या आदल्या दिवशी पाहिले तर लेकीने त्याच्याखाली तोच नंबर इंग्रजी आकड्यांत पुन्हा लिहिला होता, आणि माझा खोडला नव्हता.